जीव वाचला, पुढचे जगणे कोण मोजणार?

'दुचाकी ट्रॉलीवर आदळून एक ठार, दोघे गंभीर जखमी.' सोलापूरच्या वाचकाला ही बातमी नवी नाही. रस्ता तेवढा बदलतो. कधी पुणे महामार्ग, कधी विजयपूरचा, कधी अक्कलकोटचा, कधी मोहोळहून पंढरपूरकडे जाणारा. साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा उसाच्या ट्रॉल्या रात्रीच्या अंधारात रस्त्यावर येतात. मग बातमीचा मजकूर तोच राहतो आणि नावे बदलतात. जो गेला त्याचे नाव, गाव, वय आम्ही छापतो. उरलेल्या दोघांविषयी 'त्यांना उपचारासाठी सोलापूरला हलवण्यात आले' एवढे एक वाक्य असते. तिथे बातमी संपते.

समजा, त्या दोघांपैकी एकाच्या डोक्याला जबर मार लागला आहे. शस्त्रक्रिया होते. पंधरा-वीस दिवसांनी तो शुद्धीवर येऊन आपल्या पायांनी घरी जातो. घरचे सिद्धरामेश्वरापुढे नारळ फोडतात. 'जिवावरचे संकट टळले,' असे जो तो म्हणतो आणि ते खरेच असते. सहा महिन्यांनी त्याचे काय चालले आहे? कामावर रुजू झाला का? बाजारात पाठवले तर उरलेले पैसे मोजून आणतो का? रात्री झोप लागते का? पूर्वीचा शांत माणूस आता जेवणाच्या ताटावरून आदळआपट करतो का? हे बहुधा कोणी विचारत नाही. वार्ताहर विचारत नाहीत, रुग्णालये क्वचित विचारतात आणि सरकारी कागदात तर तो रकानाच नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जण जखमी झाले. वाहन कोणते होते, रस्ता कोणता होता, डोक्यावर हेल्मेट होते की नव्हते, याची तपशीलवार वर्गवारी या अहवालात असते. जखमी झालेल्यांचे पुढे वर्षभरात काय झाले, हे त्यातून कळत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील अभ्यासांनुसार आपल्याकडे मेंदूला होणाऱ्या इजांपैकी सुमारे ६० टक्के रस्ते अपघातांतून, २० ते २५ टक्के पडण्यातून आणि सुमारे १० टक्के मारहाणीतून होतात. म्हणजे रस्त्यावरच्या जखमींचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर डोक्याच्या मारातून वाचलेल्यांचा प्रश्न आहे.

डोक्याच्या मारातून वाचलेल्या माणसाच्या जगण्याचा दर्जा मोजता येतो. त्यासाठी तपासून घेतलेल्या प्रश्नावल्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च नाही. हे मोजमाप आपल्या रुग्णालयांत नित्याचे झाले पाहिजे आणि त्याची सुरुवात सोलापुरातून व्हायला काहीच हरकत नाही.

दोन जुन्या पट्ट्या

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले असतात, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून त्यांना एक आकडा ऐकू येतो. 'स्कोअर सहा आहे', 'आज नऊ झाला'. हा आकडा ग्लासगो कोमा स्केलचा. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी तो १९७४ मध्ये मांडला. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हातपाय हलवतो का, एवढ्या तीन गोष्टींना गुण द्यायचे. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. आठ किंवा त्याहून कमी असल्यास इजा तीव्र. कोणत्याही यंत्राशिवाय, खाटेशेजारी उभे राहून दोन मिनिटांत करता येणारी ही तपासणी जगभर पसरली, कारण सोलापूरच्या परिचारिकेने सांगितलेला आकडा पुण्याच्या सर्जनला फोनवरही कळतो.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेनेट यांनी मायकेल बाँड यांच्यासह दुसरी पट्टी दिली. ही शेवट काय झाला ते सांगणारी. तिच्या पाच पायऱ्या: मृत्यू, जाणीव हरपलेली अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा. पुढे तिच्या आठ पायऱ्या करण्यात आल्या. सहा महिन्यांनी रुग्ण कोणत्या पायरीवर आहे, यावरून उपचारांचे यश जोखण्याची पद्धत पडली.

या दोन्ही पट्ट्यांनी असंख्य जीव वाचवायला मदत केली, यात शंका नाही. मात्र दोन्हींमध्ये मोजणारा बाहेरचा आहे. रुग्ण उठतो, चालतो, घरातली कामे स्वतः करतो, हे डॉक्टर पाहतात आणि पायरी ठरवतात. त्या माणसाला स्वतःला आपले जगणे कसे वाटते, हा प्रश्न यात कुठेच येत नाही.

न दिसणारी इजा

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. जोराचा धक्का बसला, की तो आतल्या आत हिंदकळतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत हाडांवर घासतो. नियोजन, संयम, स्मरण, राग आवरणे ही कामे मुख्यतः याच भागांची. शिवाय मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे अतिसूक्ष्म तंतू ताणले जातात, तुटतात. रक्ताची गाठ सीटी स्कॅनमध्ये लगेच दिसते. तुटलेले तंतू बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' असलेला माणूसही पूर्वीसारखा नसू शकतो.

हे आपल्या शहरातल्या कामांत कसे दिसेल, ते पाहू. एक यंत्रमाग कामगार आहे. हातपाय धड आहेत, बोलणे स्पष्ट आहे. पट्टीवर तो 'चांगली सुधारणा' या वरच्या पायरीवर बसेल. मात्र मेंदूच्या इजेनंतर अनेकांना मोठा आवाज सहन होत नाही आणि यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तास खटखटाट असतो. तासाभरात डोके ठणकू लागते, तुटलेला धागा वेळेवर दिसत नाही, मालक दोनदा समजून घेतो आणि तिसऱ्यांदा दुसरा माणूस बघतो. एक विडी कामगार बाई आहे. जिन्यावरून पडली, दोन दिवस रुग्णालयात राहिली, घरी आली. हजार विड्यांचा हिशेब बोटांवर आणि डोक्यात चालतो. आता बोटे चालतात, पण मोजणी मध्येच तुटते, पाने कमी-जास्त कापली जातात, विड्या खराब म्हणून परत येतात. 'पडल्यापासून आळशी झाली,' असे घरात म्हटले जाते. तो आळस नाही. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा हे सर्वांत जास्त आढळणाऱ्या तक्रारींपैकी एक आहे आणि झोप काढून तो जात नाही.

याला 'किरकोळ' म्हणायची आपल्याला सवय आहे. 'द लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून सांगितले, की वैद्यकीय भाषेत 'सौम्य' म्हटलेल्या इजेसाठी रुग्णालयात आलेल्यांपैकी जवळपास निम्मे जण सहा महिन्यांनंतरही पूर्वीच्या प्रकृतीला आणि स्वास्थ्याला पोहोचलेले नसतात. मेंदूची इजा ही एका दिवसाची घटना न मानता मधुमेहासारखा दीर्घकाळ लक्ष ठेवण्याचा आजार मानावी, असा विचार आता रुजतो आहे.

दर्जा मोजतात कसा?

'जीवनमान' म्हटले की आपल्याला उत्पन्न, घर, नळाचे पाणी आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येचा आशय असा, की माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यांत जगतो त्या चौकटीत, स्वतःच्या ध्येयांच्या आणि अपेक्षांच्या तुलनेत त्याला स्वतःचे स्थान कसे वाटते, तो त्याच्या जगण्याचा दर्जा. 'त्याला कसे वाटते' हे या व्याख्येचे मर्म. संघटनेने नव्वदच्या दशकात जगातील १५ केंद्रांवर एकाच वेळी काम करून यासाठी प्रश्नावली तयार केली. त्या केंद्रांत दिल्ली आणि मद्रासही होते. तिच्या संक्षिप्त रूपात २६ प्रश्न आहेत आणि ते शरीर, मन, माणसांशी संबंध व भोवतालची परिस्थिती अशा चार भागांत विभागलेले आहेत.

ही प्रश्नावली सर्वांसाठी आहे. खास मेंदूच्या इजेनंतरचे जगणे मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय गटाने तयार केलेली 'क्वोलिब्री' ही प्रश्नावली २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ३७ प्रश्न आणि सहा विभाग आहेत. विचार करणे व लक्षात ठेवणे, स्वतःविषयीची भावना, रोजचे व्यवहार व स्वावलंबन आणि माणसांशी नाते या चार विभागांत 'तुम्ही किती समाधानी आहात?' असे विचारतात. भावना आणि शारीरिक तक्रारी या उरलेल्या दोन विभागांत 'याचा तुम्हाला किती त्रास होतो?' असे विचारतात. एकटे वाटणे, कंटाळा, काळजी, उदासी, राग हे सगळे त्यात येते. उत्तरे पाच पायऱ्यांवर द्यायची आणि शेवटी शून्य ते शंभर असा आकडा काढायचा. वेळ कमी असेल तर तिचे सहा प्रश्नांचे छोटे रूपही आहे: शरीराची स्थिती, मेंदूचे काम, भावना, रोजची कामे, घरचे व बाहेरचे आयुष्य आणि आजची परिस्थिती व पुढची आशा. फोनवर दहा मिनिटांत होईल इतके हे सोपे आहे. युरोपात २०१४ पासून १८ देशांतील साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या 'सेंटर-टीबीआय' या मोठ्या अभ्यासातही रुग्ण जगला का, याबरोबर तो कसा जगतो, हे याच प्रश्नावलीने विचारले गेले.

वाटणे कसे मोजणार, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. ती रास्त आहे. चादरीच्या दुकानात तराजू चांगला आहे का, हे आपण कसे ठरवतो? तीच चादर दोनदा ठेवली तर वजन तेच आले पाहिजे. चादर ठेवली तर चादरीचेच वजन आले पाहिजे, तराजूवर टेकलेल्या हाताचे नाही. आणि चादर ओली झाली तर काटा हलला पाहिजे. प्रश्नावलीचीही परीक्षा याच तीन कसोट्यांवर होते. शेकडो रुग्णांना ती दोनदा देऊन उत्तरे जुळतात का, ज्यांचे खरोखर हाल आहेत त्यांचे गुण कमी येतात का आणि सुधारणा झाली तर गुण वाढतात का, हे तपासल्यावरच ती वापरात येते.

सोलापुरात येणाऱ्या अडचणी

आपल्याकडे पहिली अडचण शिष्टाचाराची. 'कसं काय?' विचारले की 'बरं चाललंय' म्हणायचे, आणि त्यातून 'विठ्ठलाची कृपा' जोडायची, ही आपली रीत. पांढरा कोट घातलेल्या माणसासमोर तक्रार करणे अनेकांना उद्धटपणा वाटतो. म्हणून समाधान विचारताना ठोस गोष्टींचा आधार द्यावा लागतो: आठवडी बाजारातून एकटे जाऊन येता का? एसटीत बसून ठरलेल्या थांब्यावर उतरता का? लग्नकार्यात गेलात तर गोंगाटात थांबवते का?

दुसरी अडचण भाषेची, आणि ती सोलापुराइतकी क्वचितच कुठे असेल. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, शहरात उर्दू आणि दखनी, आणि सगळीकडे मराठी. शिवाय धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीकडूनही रुग्ण उपचाराला इथे येतात. प्रश्नांचे भाषांतर म्हणजे शब्दकोश उघडून शब्द बदलणे नव्हे. दोन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, तिसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा उलट करायचे, फरक कुठे पडला ते पाहायचे आणि मग प्रत्यक्ष रुग्णांना वाचून दाखवून 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारायचे, ही रीतसर पद्धत आहे. 'एकाग्रता साधते का?' या प्रश्नावर गप्प बसणारी बाई 'कामात मन लागतं का?' म्हटले की भरभरून बोलते.

तिसरी अडचण एकांताची. नवरा-बायकोच्या संबंधांविषयीही प्रश्न असतो. सासू शेजारी बसलेली असताना त्याचे खरे उत्तर कोण देईल? विचारणारा बाईमाणसाला बाईच हवा, आणि चार मिनिटे दार लोटून घेण्याची सोय हवी.

चौथी अडचण अधिक खोल आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकणाऱ्या या शहरात अडतीस अंश झाले, की आपण 'आज जरा बरंय' म्हणतो. तेच अडतीस महाबळेश्वरच्या माणसाला भट्टी वाटतील. तापमापक तोच, माणसाची अपेक्षा सरकलेली. मोठ्या आजारानंतरही असेच घडते. बाहेरून पाहणाऱ्याला ज्याचे जगणे असह्य वाटते, तो स्वतः 'मी समाधानी आहे' असे सांगतो. समाजशास्त्रज्ञांनी याला 'अपंगत्वाचा विरोधाभास' म्हटले आहे. हे उत्तर खोटे मानून खोडायचे नसते. त्या माणसाने जगण्याचा नवा अर्थ शोधलेला असतो. उलट बाजूही आहे. मेंदूच्या इजेत कधी कधी स्वतःतला बदल कळण्याची शक्तीच मंदावते. रुग्ण म्हणतो 'मला काय झालंय?' आणि बायको पदराने डोळे पुसते. म्हणून रुग्णाला आणि त्याला सांभाळणाऱ्याला स्वतंत्रपणे विचारावे लागते. दोघांच्या उत्तरांतले अंतर हीच डॉक्टरांसाठी मोलाची माहिती असते.

रुग्ण काही सांगूच शकत नसेल तर हा प्रश्न किती अवघड होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यात गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू न मिळून कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या जगण्याला काही अर्थ उरला नाही, असे सांगत पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी त्याला ठाम विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती विनंती अमान्य केली. अरुणा यांचे निधन १८ मे २०१५ रोजी झाले. एकाच खाटेकडे पाहून दोन बाजूंनी, दोन्ही आपुलकीने, परस्परविरुद्ध मोजमाप केले. दुसऱ्याच्या जगण्याचा दर्जा ठरवणे किती जोखमीचे आहे, याची ही आठवण. म्हणूनच जो बोलू शकतो, त्याला विचारण्यात कसूर करता कामा नये.

मोजल्याने मिळणार काय?

आकडा काढून पोट भरत नाही, हे खरे. पण जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसा, माणसे, कायदा यांपैकी काहीच उभे राहत नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना लागू केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यातून मिळतो. पहिल्या तासांत जीव वाचवण्यासाठी ही योजना स्वागतार्ह आहे. आठव्या दिवसानंतरच्या आयुष्याचा हिशेब मात्र घरच्यांनीच करायचा आहे. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, स्मरणाचे व्यायाम, समुपदेशन यांची गरज त्याच सुमारास सुरू होते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचेही तसेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू-मज्जासंस्थेच्या आजारांची नावे त्यात आहेत. मार लागून झालेल्या मेंदूच्या इजेला तिथे स्वतःचे नाव नाही. हात लुळा पडला तर टक्केवारी निघते. स्मरण गेले, राग आवरत नाही, दोन कामे एकामागून एक जमत नाहीत, अशा माणसाला कोणत्या प्रकारात बसवायचे, हा प्रश्न प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनाही पडतो. सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते आणि चालत्या-बोलत्या माणसाचे ४० टक्के सिद्ध करणे कठीण जाते.

न्यायालयांनी मात्र यात पुढचे पाऊल टाकले आहे. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात स्पष्ट केले. डावा हात गेलेल्या सुताराची वा चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडते, कार्यालयातल्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकते, असे उदाहरण न्यायालयाने दिले. २००७ च्या अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या हरियाणातील बारा वर्षांच्या एका मुलीच्या खटल्यात २०२० मध्ये न्यायालयाने तिला आयुष्यभर लागणाऱ्या दोन मदतनीसांचा खर्चही हिशेबात धरला आणि भरपाई ६२ लाखांवर नेली. असे निकाल मिळण्यासाठी दावेदाराच्या हातात कागद लागतो. डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती समाधानकारक' एवढेच लिहिलेले असेल, तर सोलापूरच्या दावा न्यायाधिकरणापुढे वकील तरी काय मांडणार? सहा महिन्यांचे आणि वर्षाचे रीतसर मोजमाप हाताशी असेल तर त्या कुटुंबाची बाजू आपोआप भक्कम होते.

आणि उपचारांचा फायदा तर थेट आहे. विचारले तर कळते, की माणसाला उदासीने घेरले आहे, रात्री झोप नाही, अधूनमधून झटके येतात, एक डोळा अंधुक झाला आहे, वास येईनासा झाला आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषधे वा उपाय आहेत. न विचारल्यामुळे त्या वर्षानुवर्षे अंगावर काढल्या जातात.

सुरुवात कुठून?

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आपले सिव्हिल रुग्णालय यांच्याकडे या कामाला लागणाऱ्या गोष्टी आहेत: रुग्ण, शिकणारे डॉक्टर, सामुदायिक वैद्यकशास्त्र विभाग आणि चार भाषा बोलणारे विद्यार्थी. डोक्याच्या मारासाठी दाखल झालेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर सहा महिन्यांनंतरची आणि वर्षानंतरची तारीख लिहावी. त्या दिवशी रुग्णाला फोन जावा, सहा प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरे त्याच्या केसपेपरला जोडली जावीत. फोन लागला नाही तर गावातल्या आशाताईंमार्फत निरोप जावा. ज्याचे गुण कमी येतील त्याला बोलावून घ्यावे. सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही विचारावे, कारण रुग्णाच्या पाठोपाठ तीही खचते. खासगी आणि सहकारी रुग्णालयांनीही हेच करावे. त्यांच्याकडे तर संगणकात प्रत्येकाचा नंबर असतोच.

'आमच्याकडे खाटांना जागा नाही, आणि तुम्ही घरी गेलेल्यांची चौकशी करायला सांगता,' अशी यावर डॉक्टरांची प्रतिक्रिया येईल. ती चुकीची नाही. मनुष्यबळ अपुरे आहे. शिवाय विचारायचे आणि नंतर काहीच करायचे नाही, हा आणखी एक अन्याय होईल. म्हणून मोजमापाबरोबर आठवड्यातून एक दिवस का होईना, मेंदूच्या इजेनंतरच्या रुग्णांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग हवा. तिथे न्यूरोसर्जन, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवा अधीक्षक एकत्र बसलेले असावेत. राज्याच्या आरोग्य योजनांत शस्त्रक्रियेबरोबर पुनर्वसनाच्या बैठकांचाही खर्च धरला गेला पाहिजे, आणि ती मागणी करायला हातात आकडे पाहिजेत. ते आकडे या फोनमधूनच तयार होतील.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी तोवर थांबायचे कारण नाही. त्याच्या वागण्यातले बदल तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झटक्यांच्या गोळ्या थांबवू नका. दारू पूर्ण बंद ठेवा. दुचाकी चालवायला परत कधी सुरुवात करायची, हे डॉक्टरांना ठरवू द्या. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा झटका आला तर तडक रुग्णालय गाठा. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा रुग्णाने वा सांभाळणाऱ्याने काढली तर ती हसण्यावारी नेऊ नका. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि 'आळशी', 'रागीट', 'नाटकी' हे शब्द घरातून काढून टाका.

अर्थात, इजा न होणे हेच सर्वांत चांगले. हेल्मेटमुळे डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, हे जगभरातील अभ्यास एकत्र करून सिद्ध झालेले आहे. दंडाच्या भीतीने ते गाडीच्या आरशाला लटकवणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. कारखान्यांनीही ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊस उतरवून घेऊ नये.

पण जे आधीच जखमी झाले, त्यांच्यासाठी हे उशिराचे आहे. ते आज आपल्या गल्लीत, कारखान्यात, वाड्यावस्त्यांवर 'वाचले' या एका शब्दाखाली जगत आहेत. त्यात आमचीही चूक आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बातमी देतो आणि सहा महिन्यांनी त्या घराचे दार वाजवत नाही. ते वाजवायला हवे. रुग्णालयाने फोन करावा, वृत्तपत्राने दार वाजवावे, शेजाऱ्याने पाराजवळ बसून विचारावे. आणि 'बरं चाललंय' असे उत्तर आले, तर तेवढ्यावर न थांबता पुढचा प्रश्नही विचारावा.